शिक्क्याबाबत हरकत, आणि तीन नंबरचा वरचा ॲडॅप्टर

प्रति,
मा. उड्डाणयोग्यता अधिकारी,
हलकी विमाने विभाग.

अर्जदार : वरिष्ठ तंत्रज्ञ (इंजिन व मापन), फ्लाइंग क्लबची कार्यशाळा.

विषय : इंजिन विभागाचा तपासणी-शिक्का अर्जदाराच्या धाकट्या जाऊबाईंच्या नावे देण्यास हरकत असल्याबाबत.

संदर्भ : १) सध्याचे शिक्काधारक, म्हणजे अर्जदाराचे सासरे, यांचे शिफारसपत्र, दि. ४ मार्च.
२) जॉब कार्ड, दोन आसनी प्रशिक्षण विमान : इंजिनात स्पार्क प्लगचे आठ ॲडॅप्टर बसवणे, दि. २४ फेब्रुवारी.

महोदय,

१. अर्जदाराचे सासरे येत्या ३१ मार्च रोजी सेवानिवृत्त होत आहेत. इंजिनाचे कोणतेही काम झाल्यावर त्यांचा गोल शिक्का जॉब कार्डावर उमटल्याखेरीज आमच्याकडील विमान जमीन सोडत नाही. हा शिक्का पुढे कोणाच्या हाती द्यावा, हा निर्णय आपल्या कार्यालयाचा आहे. कार्यशाळेत दोनच व्यक्ती पात्र आहेत. पहिली अर्जदार : पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण, चौदा वर्षे सेवा. दुसऱ्या, अर्जदाराच्या धाकट्या जाऊबाई : तंत्रशाळेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, सहा वर्षे सेवा. एकाच घरातील तिघे एकाच छताखाली काम करतात, याची कार्यालयास कल्पना आहे. अर्जदाराचे यजमान आणि दीर मात्र विमानाच्या वाटेला कधी गेले नाहीत. एक शाळेत शिकवतात, दुसऱ्यांचे चष्म्यांचे दुकान आहे.

२. संदर्भ क्र. २ मधील काम थोडक्यात असे. आमच्या इंजिनाला चार सिलिंडर आहेत आणि प्रत्येकाला दोन प्लग, एक वर व एक खाली. नव्या इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनासाठी जे प्लग आले ते बारीक आहेत, आणि सिलिंडरच्या डोक्यातील छिद्रे जुन्या जाड प्लगांच्या मापाची. म्हणून प्रत्येक छिद्रात आधी एक ॲडॅप्टर बसवायचा. हा बोटाच्या पेराएवढा धातूचा नळा असतो, बाहेरून मोठे आटे, आतून लहान. त्याखाली तांब्याचा नवा वॉशर. ॲडॅप्टर अठ्ठेचाळीस न्यूटन-मीटरला कसायचा, त्यात प्लग चोवीसला. टॉर्क पाना ठरवलेल्या मापाला पोचला की ‘टक्’ असा आवाज करतो आणि हाताला किंचित सुटल्यासारखा लागतो. मग ॲडॅप्टरपासून हेडपर्यंत लाल रंगाची बारीक रेघ ओढायची, म्हणजे पुढे तो जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. या कामाची खरी परीक्षा नंतर होते. प्लग बाहेर काढताना ॲडॅप्टर जागेवरच राहायला हवा. तो प्लगबरोबर फिरून बाहेर आला, तर तो नीट बसलाच नव्हता असे समजायचे. असा ॲडॅप्टर हवेत ढिला झाला तर सिलिंडरमधली जळती हवा त्याच्या कडेने वाट काढते, आणि पुढे काय होते ते मी कार्यालयास सांगण्याची गरज नाही.

३. वरचे चार ॲडॅप्टर अर्जदाराने बसवले, खालचे चार धाकट्या जाऊबाईंनी. दोघी एकाच वेळी एकाच सिलिंडरवर काम करत होतो. अर्जदार पायरीवर उभी, त्या खाली चाकांच्या फळीवर उताण्या. खालची बाजू अडचणीची असल्याने ती त्यांना देण्यात आली, आणि देताना मामंजी म्हणाले, “पोरी, तुझा हात हलका आहे, तू खाली जा.” अर्जदाराचा हात जड आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही. परंतु हलका आहे, असेही म्हटलेले नाही. मामंजी चौदा वर्षे मला ‘सूनबाई’ म्हणतात आणि तिला पहिल्या दिवसापासून ‘पोरी’, याचा प्रस्तुत अर्जाशी संबंध नाही. तथापि नोंद असावी.

४. कामाच्या वेळी धाकट्या जाऊबाईंनी खालून प्रत्येक सिलिंडरला “ताई, झालं का?” असे विचारले. एक, दोन, तीन, चार, प्रत्येक वेळी. तीन नंबरला तर दोनदा. अर्जदार हळू काम करते असे त्यांना मामंजींसमोर दाखवायचे होते, हे उघड आहे. शेवटी अर्जदारास “झालं म्हणजे झालं!” असे चढ्या आवाजात म्हणावे लागले, आणि त्या दिवशी कार्यशाळेत आवाज चढवणारी व्यक्ती म्हणून अर्जदाराचीच गणना झाली. याखेरीज, पाना ओढताना त्या डोळे मिटतात. हे अर्जदाराने वरून स्वतः पाहिले आहे. ज्या कामात आकडा वाचायचा असतो त्या कामात डोळे मिटणाऱ्या व्यक्तीच्या हाती शिक्का देणे कितपत योग्य, याचा विचार व्हावा.

५. काम संपल्यावर मामंजींनी खालचे चारही ॲडॅप्टर बॅटरी लावून, गुडघे टेकून, अर्धा तास पाहिले. त्यांचे गुडघे दुखतात, घरी ते खाली पडलेले वर्तमानपत्र उचलायलाही कोणाला तरी हाक मारतात. इथे मात्र एकेका रेघेवरून बोट फिरवत, “हं, हे बघ, इथे असा रंग थोडा कमी लाव,” असे शिकवणे चालले होते. वरच्या चारांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. कार्डावर शिक्का मारला आणि चहाला गेले. माझ्या चारही रेघा पट्टीने ओढल्यासारख्या होत्या. त्या दिवशी त्या बघायला कोणी नव्हते.

पहिल्या उड्डाणानंतर मुख्य प्रशिक्षक उतरले आणि थेट विमानाखाली वाकून म्हणाले, “काय बसवलंत हो! शिवणयंत्रासारखं चालतंय.” त्या वेळी विमानाखाली धाकट्या जाऊबाई होत्या. मी पंखापाशी उभी होते. आठ प्लगांपैकी चार माझे होते. इंजिनाच्या आवाजात अर्धा आवाज माझा होता असे मी गणिताने सिद्ध करून देऊ शकते. पण तिने वर बघून नुसते हसून “हो सर” म्हटले. घरी जेवताना तीच गोष्ट मामंजींनी सासूबाईंना दोनदा सांगितली, आणि सासूबाईंनी वाढता वाढता तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी मीठ मागितले. ते तिनेच दिले.

६. शिफारसपत्रात (संदर्भ क्र. १) मामंजींनी लिहिले आहे : “तिला शंका येते आणि ती विचारते.” शंका असणे ही पात्रता कधीपासून झाली, ते अर्जदारास समजलेले नाही. चौदा वर्षांत अर्जदारास कोणालाही काही विचारावे लागलेले नाही. दोन्ही टॉर्क पाने अर्जदारच दर महिन्याला वजन लावून तपासते. दोन्ही एकाच बनावटीचे आहेत आणि दोन्ही एकसारखे टक् करतात, ते अर्जदारामुळे. मामंजींनी आपले जुने पितळी भिंगही मागील आठवड्यात तिला देऊन टाकले. ते भिंग माझे नव्हते. मी ते कधी मागितलेही नव्हते. मात्र त्याची काच चौदा वर्षे मी पुसत होते.

सबब, खालचे चार ॲडॅप्टर नुसत्या हाताच्या अंदाजाने बसवले असून ते प्लगबरोबर बाहेर येण्याची दाट शक्यता आहे. तरी त्यांची आपल्या स्तरावर तपासणी व्हावी आणि शिक्का धाकट्या जाऊबाईंच्या नावे देऊ नये, अशी विनंती.

७. येथवरचा अर्ज मी १९ मार्च रोजी लिहिला. सहीपूर्वी वाचून पाहिला तेव्हा एक उणीव जाणवली : परिच्छेद ६ मधील ‘दाट शक्यता’ मोजलेली नव्हती. मोजमापाशिवाय आरोप पाठवणे मला शोभत नाही. म्हणून २० तारखेला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, बाकी सर्व बाहेर असताना, तपासणीचे नवे जॉब कार्ड उघडून मी इंजिनावरची झाकणे काढली. दोन माणसांशिवाय इंजिन उघडू नये असा नियम आहे. तो मी मोडला.

फळीवर उताणी होऊन खालचे चारही प्लग मी एकेक करून काढले. चारही वेळा प्लग एकटा आला. ॲडॅप्टर जागचा हलला नाही. मी भिंग घेऊन पाहिले (तेच पितळी भिंग, तिच्या खणातून काढून). आटे स्वच्छ, वॉशर सारखे दबलेले, धुराचा डाग कुठेही नाही. खरे सांगायचे तर मला वाईट वाटले. एक तरी फिरावा अशी माझी इच्छा होती.

तक्त्याचे चार रकाने भरले. तुलनेसाठी वरचे चार हवेत, नाहीतर तक्त्याला अर्थ नाही, म्हणून पायरीवर चढले.

८. एक नंबर : प्लग एकटा आला. दोन नंबर : प्लग एकटा आला. तीन नंबरला पाना लावला आणि रेघ तुटली.

प्लगबरोबर ॲडॅप्टरही फिरत होता. मी थांबले, पुन्हा हलकेच फिरवून पाहिले. दोन्ही एकत्र, हाताने सुटण्याइतके सैल, बाहेर आले. वॉशर नवा असतो तसा होता. सूक्ष्ममापीने जाडी पाहिली : नव्या वॉशरची दोन मिलिमीटर, इतर जागी दबून एक पूर्णांक सात, आणि याची एक पूर्णांक अठ्ठ्याण्णव. त्याच्या एका कडेने काळ्या धुराची केसाएवढी वाट निघालेली होती. हे विमान त्यानंतर अकरा तास उडाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातून एका विद्यार्थिनीचे पहिले एकटीचे उड्डाण ठरलेले होते. तिचे नाव फळ्यावर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलेले मला पायरीवरून दिसत होते.

रेघ अखंड होती याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. नंतर वाटले नाही. रेघ इतकेच सांगते की ती ओढल्यानंतर काही हलले नाही. ओढण्यापूर्वी कसले होते की नाही, हे रेघेला माहीत नसते.

माझ्याकडे वीस मिनिटे होती. नवा वॉशर खणात होता, पाना हातात होता, लाल रंगाची बाटली खिशात. ॲडॅप्टर कसून रेघ ओढायला मला सहा मिनिटे लागतात. तक्त्यात तीन नंबरपुढे ‘प्लग एकटा आला’ असे लिहायला त्याहून कमी. अर्जाच्या शेवटी नुसती सही करायची बाकी होती. यातले काही करण्याचे मनात आले नाही, असे मी लिहू शकत नाही. मी पाना अठ्ठेचाळीसवर लावलासुद्धा. मग तो ठेवला, आणि विमानाच्या पंख्याला ‘उडवू नये’ची लाल पाटी अडकवली.

९. चूक कशी झाली, हे शोधणे माझ्या कामाचा भाग आहे. पायरीवर बसून मी तो दिवस आठवला. तीन नंबरच्या वेळी मी पाना ओढत होते, पण लक्ष खाली होते. मामंजी तिला काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती. ते काय बोलले ते मला ऐकायचे होते. तेवढ्यात टक् झाले. मी पाना काढला, रेघ ओढली.

तो टक् माझा नव्हता. तो खालून आला होता. दोन्ही पाने एकसारखे वाजतात, याची काळजी मीच घेते. आपला टक् हाताला लागतो, नुसता कानाला नाही. पण त्या क्षणी माझा हात काय सांगत होता ते मी ऐकले नाही. माझे कान तिच्याकडे होते आणि मी तिचा टक् माझ्या नावावर लिहिला.

१०. एवढ्यात धाकटी जेवून परतली. लाल पाटी बघून पळतच आली. “ताई, काय झालं? तुम्हाला लागलं नाही ना कुठे?” मी ॲडॅप्टर तिच्या हातावर ठेवला. तिने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “तीन नंबर?” मी मान हलवली. “वरचा?” पुन्हा मान हलवली. तिने टोमणा मारला असता तर मला सोपे गेले असते. ती शेजारी पायरीवर बसली.

मग म्हणाली, “त्या दिवशी मला ॲडॅप्टरचे सातच टक् ऐकू आले होते, ताई. मी मोजत असते. एक तुमचा, एक माझा. तीनला माझा झाला आणि तुमचा आलाच नाही. म्हणून तर दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, झालं म्हणजे झालं. त्यानंतर तिसऱ्यांदा कोण विचारणार? मरायचंय का मला?” आणि मग हळूच, “मामंजींनाही सांगितलं चहाच्या वेळी. ते म्हणाले, तुझं मी तपासतो कारण तू अजून शिकतेस पोरी, सूनबाईंचं काय तपासायचं? चौदा वर्षांत एकदा तरी चुकल्यात का त्या?”

डोळे का मिटतेस, असेही मी तिला विचारले, कारण तो मुद्दा अर्जात होता. ती म्हणाली, “वरून तुम्ही बघत असता हो. लक्ष तिकडेच जातं माझं. मिटले की पाना नुसता हाताला कळतो.”

परिच्छेद ४ व ५ या प्रकाशात पुन्हा वाचले जावेत.

११. मामंजींना मी स्वतः सांगितले. ते पेटीवर बसले आणि चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला. नंतर म्हणाले, “शिक्का माझा होता. न बघता मारला.” मी म्हटले, हात माझा होता. ते म्हणाले, “अकरा दिवस राहिलेत माझे, सूनबाई,” आणि हसण्याचा प्रयत्न केला. मी आजवर ‘सूनबाई’ हा शब्द अंतर ठेवणारा समजत आले. त्या दिवशी कळले, की न तपासता ज्याच्यावर शिक्का मारता येतो अशा माणसासाठी तो त्यांनी राखून ठेवला होता. हा विश्वास नियमबाह्य होता, आणि तो मला मिळत असताना मी दुसरेच काही मागत होते. मुख्य प्रशिक्षक उड्डाण रद्द झाल्यामुळे रागावले आहेत. त्यांना कारण लेखी कळवले आहे. त्या विद्यार्थिनीलाही मी भेटून सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे उद्या नाही तर मग कधी?” एवढेच तिला हवे होते.

१२. तरी आता माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे. शिक्का धाकट्या जाऊबाईंच्या नावे द्यावा. मला टक् ऐकू येतो, तिला न आलेला टक्ही ऐकू येतो. शिक्क्याला हा दुसरा कान लागतो. तीन नंबरच्या चुकीची नोंद माझ्या नावे व्हावी आणि मामंजींच्या सेवेच्या अखेरच्या पानावर तिचा भार पडू नये. तो पडलाच पाहिजे असा नियम असेल, तर सोबत माझा हा जबाब जोडलेला असावा. आणि पुढील एक वर्ष माझ्या प्रत्येक कामाची दुसरी तपासणी धाकट्या जाऊबाईंनी गुडघे टेकून, बॅटरी लावून करावी. माझी कामे वरच्या बाजूची असली तरीही.

मत्सर आता राहिला नाही, असे मी या अर्जात लिहिणार नाही. ते मी मोजलेले नाही. काल सकाळी त्या दोघांना चहा पिताना पाहिले तेव्हा मी चमचा जरा जोरात ठेवला, इतके निरीक्षण आहे.

अर्ज नव्याने, स्वच्छ लिहून काढावा असे धाकट्या जाऊबाईंनी सुचवले होते. मी तसे केलेले नाही. कार्यशाळेत चुकीची नोंद खोडरबराने पुसत नाहीत आणि पान फाडतही नाहीत. तिच्यावर एकच आडवी रेघ मारतात, खालचे वाचता यावे अशी, आणि शेजारी सही करतात. त्याप्रमाणे वरील विषयाच्या ओळीवर व परिच्छेद ६ मधील विनंतीवर मी रेघ मारली असून शेजारी माझी सही आहे. ही रेघ लाल नाही.

तपासणीस यापुढे केव्हाही हजर असलेली,

(सही)
वरिष्ठ तंत्रज्ञ, इंजिन व मापन
दि. १९ मार्च (परिच्छेद १ ते ६), दि. २२ मार्च (उर्वरित)

सोबत :
१) तपासणीचा तक्ता, आठ रकाने.
२) शिफारसपत्राची प्रत.
३) तीन नंबरचा वरचा ॲडॅप्टर व वॉशर, कापडी पिशवीत. अर्धी लाल रेघ त्यावर आहे. कृपया पुसू नये.

दुसरी तपासणी : अर्ज वाचला. परिच्छेद ५ मध्ये मीठ मीच दिले हे खरे आहे, पण ताईंनी ते मागितले तेव्हा मला फार बरे वाटले होते, कारण त्या दिवशी त्या माझ्याशी तेवढेच बोलल्या. नवे वॉशर घालून आठही ॲडॅप्टर काल पुन्हा बसवले. ताई वर, मी खाली. मोजले. आठ ऐकले.
(सही) धाकटी